पिंजऱ्याचे दोन जोड

सूनबाई,

काल दुपारी तुला अडवायलाच गॅरेजमध्ये गेलो होतो. तू नव्हतीस. आपली घरातली इलेक्ट्रिक गाडी शर्यतीसाठी पार सोलून काढलीस की गं! मागची सीटसुद्धा ठेवली नाहीस. गाडी उलटली तर तुझं डोकं वाचवायचं ज्या लोखंडी पिंजऱ्याने, त्याचेच दोन जोड कच्चे दिसले. मग राहवलं नाही. बॅटरी वेगळी करून दोन्ही पुन्हा वेल्ड केले. सीटचे पट्टे मात्र तू स्वतः ओढून बघ.

मी ट्रॅकवर येणार नाही, अक्काकडे जातोय. रागावलो नाही. तुझा नवरा तिथंच जिवानिशी गेला, तेव्हा मी कठड्याशी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. त्याची गाडी उलटली, तरी क्षणभर माझे हात थांबले नव्हते.

पोळीभाजी ओट्यावर झाकून ठेवलीय. उपाशी जाऊ नकोस.

बाबा