गूळ कवा झाला?

बीलेफेल्ड, जर्मनी
१२ जानेवारी २००६

आबा, तुम्हाला आन् आईला माझा जय भीम.

मी मजेत हाय. बाहेर बर्फ हाय, पण खोली उबदार हाय. भाकरीबी जमायला लागलीय, म्हंजी तव्याला चिकटत न्हाई इतकंच.

खरी बातमी ही, की माझं गणित सुटलं! काल सगळ्यांपुढं मांडलं, तवा लोकांनी बाकं वाजवली. हितं शाबासकी तशीच देतात.

तुम्ही विचारता, करतेस तरी काय? आबा, सूर्याच्या पोटापेक्षा लाखपट उष्णतेत अणूच्या गाभ्याचाबी पाक होतो. तो निवला की पुन्हा कण बनतात. नेमक्या कोणत्या क्षणी, ते मी शोधत होते.

लहानपणी आपल्या गुऱ्हाळावर मी हेच करायची. तुम्ही पाक वाफ्यात निवायला ओतला की मी कडेला टक लावून बसायची. गूळ कवा होतो ते मला पकडायचं असायचं. दर वेळी वाटायचं, पापणी लवली तेवढ्यात झाला. मग रडायची.

आबा, माझ्या पाकात तसा क्षणच न्हाई! तो हळूहळूच बदलतो. हे कळलं तवा मी एकटीच खोलीत नाचले.

आईचा गुडघा कसा हाय? आन् तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन हंगामापायी पुढं ढकलू नका. महेंद्रदादा उकळत्या रसाची काहील उतरवायला शिकलाय. तुम्ही बिनघोर दौंडच्या दवाखान्यात जा आन् पट्टी बांधून डोळे मिटून बसा. मी सांगते आबा, काही निसटत न्हाई.

तुमची,
करुणा