बंद घरांचा रकाना

१२ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.,

सुखरूप पोचले. गेल्या वर्षी तुम्ही डासांच्या फवारणीला होतात, तीच वस्ती माझ्या वाट्याला आली आहे. ठरलेल्या घरांत जायचं आणि ताप असो वा नसो, प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त तपासायचं. पदवी घेऊन शेवटी डासाचंच काम पत्करलंस का, असं एक आजोबा म्हणाले. पहिल्या साठ जणांत मलेरिया निघाला फक्त दोघांना. हा आमच्या बाबांच्या पंपाचा प्रताप, असं मी सगळ्यांना सांगत सुटले आहे.

आकडा असाच राहिला तर इथलं मलेरिया केंद्र बंद होणार. घराला कुलूप असलं तर शेजारचं घर घे, असं साहेब सांगतात. मला ते पटत नाही; तुम्ही मला उगाच मास्तरीण म्हणत नाही. उद्या उजाडायच्या आत त्या घरांकडे जाऊन येते.

आईला सांगा, वेळेवर जेवते.

तुमची मास्तरीण

१६ ऑगस्ट

बाबा, नमस्कार.

बंद घरं अंधारातच कामाला जाणाऱ्या मजुरांची निघाली. बावीस जणांना तपासलं, तेरा जणांच्या रक्तात मलेरिया. जरा कसर असते अंगात, त्याला काय ताप म्हणायचं, असं एक बाई हसत म्हणाली. तिच्या कडेवरच्या पोरीची नखं अंगात रक्तच नसल्यासारखी पांढरीफटक होती. गोळ्या सगळ्यांना दिल्या.

तिच्या चौकटीवर रंगाने लिहिलं होतं, फवारणी झाली. खाली तारीख. तारखेतल्या इंग्रजी सातावर आडवी रेघ. तशी रेघ मारायला तुम्हीच मला शिकवलंत. आत भिंतीवर औषधाचा डागसुद्धा नाही. पंपवाला आमच्यात आलाच नाही, असं ती म्हणाली.

फवारणी झाली का, हा रकाना मी कोराच ठेवला आहे. काय लिहू?

तुमची मुलगी

१९ ऑगस्ट

चि. मास्तरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. आईला अजून बोललो नाही.

रेघ माझीच. दिवसाची घरं भरली नाहीत तर आमचे साहेब चारचौघांत फैलावर घ्यायचे. कुलूप दिसलं की चौकट रंगवायचो आणि उद्या येऊ म्हणायचो. एकदाही गेलो नाही. डास काय कुलूप उघडून आत जाणार, अशी वर चेष्टाही केली.

त्या पोरीची नखं डोळ्यांपुढून हलत नाहीत. रकान्यात ‘नाही’ लिही. रेघ कुणाची विचारलं तर नाव सांग, बाप म्हणून गय करू नकोस. साहेबांना मीही लेखी कळवलं आहे.

रजा काढून सोमवारी येतो. बंद घरांचे नंबर लिहून ठेव, पहाटेच निघू. दार मात्र तू वाजव. मी जरा मागे उभा राहीन.

लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव.

तुझा बाबा