उंदरांचं औषध

कळंब,
१२ जानेवारी १९६४

चि. उत्तमसिंग यास,
आशीर्वाद. द्यावे लागतात, म्हणून.

प्रथम तक्रार. तुझ्या पत्राच्या माथ्यावर 'श्री' नाही. मला 'तीर्थस्वरूप' नाही, नुसतं 'दादा'. नागपूरच्या प्रयोगशाळेत उंदरांना दारू पाजता पाजता थोरल्या भावाचा मायना जड झाला असावा. उंदरांना तरी 'चिरंजीव' म्हणतोस ना?

प्रेमसिंगला मी चिंतामणीपुढे दारू सोडण्याची शपथ घातली आणि खोलीत कोंडला, हे तुला रुचलं नाही. तू लिहिलंस, ''दारू एकदम तोडू नका. उंदरांचीही एकदम तोडली की त्यांना आकडी येते. सोबतच्या गोळ्या आजच सुरू करा.'' सख्ख्या भावाची तुलना उंदराशी! पंचवीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्याला संयम तू शिकवणार? गोळ्या पेटीत टाकल्या, वर कुलूप घातलं.

त्याची बायको मानीबाई म्हणाली, ''मास्तर, त्याइचे हात पाह्यले का? पेला धरवत नाही.''

मी म्हणालो, ''पाप बाहेर पडून राह्यलं.'' वाक्य मला तेव्हा बरं वाटलं होतं.

काल, पाचव्या दिवशी दुपारी, तो ओरडला, ''दादा, अंगावर मुंग्या चढून राह्यल्या, झटक ना!'' एकही मुंगी नव्हती. मी झटकत राहिलो. मग त्याचे डोळे फिरले, अंग ताठलं.

मानीबाईनं पेटीवर हात ठेवला. ''किल्ली द्या मास्तर. शपथ तुमची, अन् मरण माह्या घरात कायले?''

दिली. पण शुद्धीवर आलेला प्रेमसिंग गोळी घेईना. ''हेही नशाच. नशेचं काहीच तोंडात घेणार नाही, तूच वदवलं ना? चिंतामणीची आन आहे मले.'' आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझं ऐकलं, तेही आत्ताच!

घालणाऱ्यानंच शपथ सोडवायची, ही आपल्या तांड्याची रीत. आज सकाळी पुन्हा चिंतामणीच्या जमिनीखालच्या देवळाच्या पायऱ्या उतरलो, दोष स्वतःच्या माथी घेतला, अंगारा आणून त्याला लावला. तेव्हा कुठं त्यानं गोळी गिळली. हात अजून कापतात. मला मधूनच 'बाबा' म्हणतो.

तुझं म्हणणं खरं होतं, असं मी लिहिणार नाही. वेळेवर औषध दिलेले उंदीर जगले, असं तू लिहिलंस. ज्यांना उशिरा दिलं, त्यांचं काय झालं? पत्र चारदा वाचलं, त्यात ते नाही.

तार कर. मायना नको. मला फार भीती वाटते रे.

नुसता,
दादा