बंद खोल्यांतली धूळ

४ मे
पोचलो एकदाचे. माँटानाच्या डोंगरात ओढ्याकाठी उन्हाळी पाहुण्यांच्या लाकडी खोल्या, आणि त्यांची राखण आता माझ्याकडे आणि नोराकडे. हिवाळाभर बंद असल्यानं जिकडेतिकडे उंदरांच्या लेंड्या. दिवसभर झाडत होतो. धुळीच्या लोटातून नोरा म्हणाली, आपल्या लग्नात एवढे तांदूळसुद्धा उडाले नव्हते.

९ मे
मालक हॅल्डेनकडे फटी बुजवायला जाळी आणि जंतुनाशक मागितलं. म्हणतो, डोंगरात उंदीर नाहीत तर काय राजहंस येणार? पुढच्या आठवड्यात बघू.

२६ मे
नोराला ताप. पाठ, मांड्या ठणकतायत. जाळी अजून ‘बघू’तच.

२८ मे
दवाखान्यात उंदरांचं दोनदा सांगितलं. डॉक्टरनं मान वर केली नाही. फ्लू आहे, पाणी पाजा, झोपू द्या. असा संताप आला!

३० मे
सकाळी नोराला एक वाक्य पुरं करता येईना. हेलिकॉप्टरनं मिसूलाच्या मोठ्या इस्पितळात नेली, मागोमाग मी गाडीनं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं: हंताव्हायरस. उंदरांच्या घाणीतून, धुळीबरोबर श्वासात जातो. तो स्वतः फुप्फुसं फोडत नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात गुपचूप बसतो. शरीराचं सैन्य त्याला हुडकतं आणि असा हैदोस घालतं की वाहिन्याच झिरपू लागतात. फुप्फुसात पाणी भरतं. यावर नेमकं औषध नाही. मग त्यांनी विचारलं, तुम्हीही झाडलंत का?

१ जून
नोरा गेली. तिच्याच रक्तानं तिला बुडवलं.
हॅल्डेनला फोनवर म्हटलं, खोल्या बंद ठेवा. म्हणाला, तुझं दुःख कळतं रे, पण परवा पाहुणे येतायत.

२ जून
परत आलो, सगळ्या दारांना कुलपं घातली. बाईंनी बजावलं होतं, ताप आला तर तडक इकडे या. ताप आहे. आधी हे पाहुणे—

३ जून
श्वास अर्धाच. अँब्युलन्स निघालीय म्हणे—
हॅल्डेन आला, त्याच्याकडे दुसऱ्या किल्ल्या. म्हणाला, तुझं डोकं ठिकाणावर नाही, पडून राहा.
गाडी थांबली. दोन मुली. आई त्याच्याशी हसून बोलतेय—
हाक मारतो, आवाज फुटत नाही. खिडकीची काच बडवली. धाकटीनं हात हलवला.
पान फाडून काचेला लावतो— मोठ्या अक्षरांत—

आत जाऊ न