मोठ्या दवाखान्याचा धवला

१२ जानेवारी, सोमवार
पहिली आली ती वत्सी, माजी धाकटी जाऊ. पाव्हण्यांच्या आधी चहाला हजर! "चहाला नाय आले जाऊबाय, खुर्च्या पुसायला आले," म्हणे. एक खुर्ची पुसली, तिच्यावर स्वतःच बसली.
मग माजी नात मनाली. नाक्यावरच्या सरकारी दवाखान्यात नर्स हाय. पांढऱ्या ड्रेसात कशी दिसते पोर, दृष्ट काढायची राहिली. तिच्यासंगं एक मॅडम आणि चष्म्याचा सायेब. द्रोणागिरीला त्यांच्या कंपनीची गोदामं हायत. कुठल्या दुखण्याला कुठं जायचं ते लोकांना शिकवायचं, त्याला कंपनी पैसे देणार. मनालीनं अर्ज करून करून आणलेत त्यांना.
खरं हाय तिचं. आपल्याकडं शिंक आली तरी पनवेलचा मोठा दवाखाना, आणि खरी कळ आली की घरात. आमच्या ह्यांच्या छातीत दुखलं तेव्हा मी गॅस समजून ओव्याचं पाणी दिलं. हात दुखतो का, घाम येतो का, कायच विचारलं नाय. विचारलं असतं तर... असो.
मॅडम म्हणाल्या, बॅनर लावू. मी म्हटलं, मागचा बॅनर वत्सीनं जवळा वाळवायला नेला. वत्सी म्हणते, "बेस हाय हो मॅडम, दोन द्या या टायमाला!" सायेब हसून हसून लाल.
मनाली म्हणाली, "माजी आजी धवलारीण हाय, लग्नात धवले गाते. हळदीला ती ओळ म्हणते, मागची ओळ सगळ्या बाया उचलतात." मॅडमना पटलं. गाणं बांधा, तुमच्या रोडपालीत चाललं तर गावोगावी करू, पैसे देऊ. मनालीनं माजा हात असा दाबला की बांगडी रुतली.

१६ जानेवारी, शुक्रवार
बांधलं. काल एका हळदीत म्हटलं पण. सर्दी-खोकला नाक्यावर, बारीक ताप नाक्यावर, छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं तर दवाखान्याची गाडी बोलवा. मागची ओळ, "चल गो सये, मोठ्या दवाखान्या जाऊ". चाल अशी जमली, बाया नाचल्या! नवरीची आई पण. गळा बसलाय, पण मन कसं भरलंय.

२१ जानेवारी, बुधवार
मनाली आली, चप्पल पण काढली नाय. मोठ्या दवाखान्यात तातडीच्या खोलीत आपल्या आळीच्या सात-आठ बाया! एकीला सर्दी, एकीचा गुडघा. वत्सीच्या पायात काटा. डॉक्टरनं विचारलं कोणी पाठवलं, तर ही ऐटीत सांगते, "धवलारणीनं."
"आजी, तुजं गाणं पाठ झालं गं सगळ्यांना. पण मागची ओळच तेवढी."
चूक माजीच. चाळीस वर्षं हळदी गाते, मला ठाऊक नाय? कडवं धवलारणीचं, मागची ओळ गावाची. गाव तेवढंच घरी नेतं.
मॅडमचा फोन आलावता, शनिवारी येतो, असं असेल तर पैसे देणं कठीण. पोर जेवली नाय. मी पण नाय.

२३ जानेवारी, शुक्रवार
ओव्याच्या पाण्याचं सारखं आठवत होतं. भाकरी थापता थापता सुचलं. मागची ओळ वाट दाखवणारी नकोच, विचारणारी पायजे. "थांब गो बाय, आधी सांग गो बाय, कुठं दुखतं, कसं दुखतं?" आणि हळदीत कसे नवरीकडच्या नि नवऱ्याकडच्या बाया एकमेकींना उत्तरं देतात, तसे दोन गट. वत्सीचा गट नाक्यावरचा, माजा गाडी बोलवणारा. आता दोन्ही उत्तरं बायांच्याच तोंडी.
वत्सी म्हणते, "मला बारकाच दवाखाना का?" घ्या!

२४ जानेवारी, शनिवार
अंगणात तीस बाया. मॅडमचं तोंड आधी कडकच होतं. गाणं निम्म्यात आलं नि चष्म्याच्या सायबाला शिंक आली. तशा सगळ्या बाया त्याच्याकडं वळल्या, "कुठं दुखतं, कसं दुखतं?" तो घाबरून म्हणतो, "नाक फक्त, नाक!" वत्सीचा गट एका सुरात, "नाक्यावर!" मॅडमच्या हातातला चहा सांडला हसून.
पण लगेच हो काय म्हणाल्या नाय. महिनाभर बघू म्हणाल्या, मोठ्या दवाखान्यात आपल्याकडनं कोण येतं, कशाला येतं. मग ठरवू. बरोबरच हाय त्यांचं. मनालीनं आज दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर माजं लोणचं संपवलं.
वत्सीला सांगून ठेवलंय, महिनाभर पायात काटा मोडला तर माज्याकडं ये, काढायला सुई हाय माजी. म्हणते, "आणि छातीत कळ आली तर?" मी म्हटलं, तर आधी तुला विचारीन, मग गाडी. ती माजा हात धरून बसली जरा वेळ.
पाव्हणे परत येणार, मंगळवार, २४ फेब्रुवारी, दुपारी चारला.