निळ्या टाक्याचा बोया

४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र आलंय, म्हणजे तू चष्मा पुसून बसली असशील. मी बरी आहे, वेळेवर जेवते आहे, केसही कापलेले नाहीत.

गोष्ट वेगळीच आहे. आमचं पाण्याखालचं यंत्र तुला माहीत आहे, पिवळ्या नळकांड्यासारखं. समुद्राच्या तळाशी तेलाच्या पाइपलाइनवरून ते एकटंच फिरतं आणि फोटो घेऊन वर येतं. परवाच्या फोटोंत पाइपला गुरफटलेलं जाळं दिसलं. त्याने पाइपचं आवरण सोलून निघालंय. त्याच्या बोयाच्या, म्हणजे तरंगत्या गोळ्याच्या, दोरीवर निळ्या धाग्याची फुल्याफुल्यांची गुंफण होती, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने तुला शिकवलेली. अख्ख्या बंदरात तसा टाका दुसरं कोणी घालत नाही, म्हणजे जाळं काकांचंच.

तिथे जाळं टाकायला मनाई आहे, हे काकांना ठाऊक आहे. पण पाइपभोवती मासे किती दाटतात, हे त्यांना कोणी सांगितलं? मागच्या सुट्टीत जेवताना लॅपटॉप उघडून मीच फुशारकीने फोटो दाखवले. काका घास हातात धरून बघत राहिले होते. तू म्हणालीस, आधी ताटं उचलू दे, मासे कुठे पळून जात नाहीत.

महिनाअखेर अहवाल द्यायचाय. लिहिलं तर काकांचा मासेमारीचा परवाना जाईल. नाही लिहिलं तर ती जागा गंजेल, एक दिवस फुटेल, आणि तेल सगळ्यांच्याच जाळ्यांत येईल. तुमच्या घरात वाढले आणि तुमच्याच चुलीत पाणी ओतायची पाळी माझ्यावर आली. मी लिहिणार आहे, हे काकांना तू सांगशील का?

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

तुझी
ठकू

११ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काकांना वाचून दाखवलं. फुशारकीपर्यंत आले तशी स्वारी उठून आत गेली, बाहेर आली ती इस्त्रीचा शर्ट घालून. तडक बंदराच्या कार्यालयात गेले आणि जाळं आपलं म्हणून सांगून आले. परवाना सहा महिने बंद. साहेबाने विचारलं, तिथे मासे असतात हे कळलं कसं? म्हणाले, जन्म समुद्रात गेला, मला नाक आहे. तुझं नाव काढलं नाही. तूही काढायचं नाहीस, असा निरोप आहे. नोकरी घालवून घरी बसलीस, तर तुम्ही दोघं मिळून मला स्वयंपाकघरात अक्कल शिकवाल, आणि ते मला झेपायचं नाही.

चुकले मीही. जाळं हरवलं म्हणाले, तेव्हा कुठे हरवलं ते विचारलं नाही. उत्तर नको होतं, म्हणून विचारलं नाही.

रागावलेले नाहीत गं. जेवण मात्र कमी झालंय. एवढंच विचारायला सांगितलंय: त्या जाळ्यात अजून मासे अडकतात का? खोटं लिहू नकोस, ते ओळखतात.

लोभाची काळजी करू नकोस, तो काही परवान्यावर चालत नाही.

तुझी
मावशी

२३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हो, अडकत होते. यंत्र तीनदा वरून गेलं, दर वेळी नवे होते. आमचं यंत्र फक्त बघतं, त्याला हात नाहीत.

काकांचा निरोप मी मोडला. अहवालात जाळं लिहिलं, आणि फोटो मीच घरी दाखवले होते हे ऑफिसातल्या आमच्या वरिष्ठ बाईंना सांगितलं. ते बाहेर दाखवायचे नसतात. चौकशी होईपर्यंत यंत्राचं काम काढून घेतलंय, शेजारच्या खोलीत जुने नकाशे लावत बसते. सांगितल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. काकांचे सहा महिने काही त्याने कमी होणार नाहीत.

मंगळवारी पाणबुडे उतरले आणि त्यांनी जाळं कापून वर आणलं. काकांना सांग, आता तिथे काही अडकत नाही. बोया तेवढा मी दोरीसकट मागून घेतला. रंग गेलाय, शंख चिकटलेत, पण तुझा टाका एकही सुटलेला नाही.

पुढच्या महिन्यात येते. बोया घेऊन येऊ, की काकांना तो घरात बघवणार नाही, ते कळव. लॅपटॉप आणणार नाही.

लोभ मागायला आज तोंड नाही. उरला असेल तेवढा पुरेल.

तुझी
ठकू