झोया म्हणून मारलेली हाक

प्रिय आई,

मी खुशाल आहे. मेझेन नदी गोठली, पलीकडे जायचा बर्फाचा रस्ता सुरू झाला. दुपारी दोनलाच अंधारतं, पण घरात शेगडी दिवसभर पेटलेली असते. तुझे गुडघे कसे आहेत?

शेजारच्या उल्याना आजी गेल्या. त्यांची मुलगी झोया वीस वर्षांपूर्वी, एप्रिलच्या कच्च्या बर्फावरून नदी ओलांडताना बुडाली, सापडलीच नाही. अलीकडे आजींनी अन्न सोडलं होतं. दवाखान्यातून परतताना मी माशाचं सूप घेऊन गेले, तर माझा हात धरून म्हणाल्या, "झोये, किती गं उशीर! बर्फ पक्का होता ना?"

मी नर्स, खरं सांगायला हवं होतं. पण म्हणाले, "पक्का होता, आई. चल, जेव बघू." वाटीभर जेवल्या. तिसऱ्या दिवशी झोपेतच गेल्या. दुसऱ्या कुणाला आई म्हटलं म्हणून रागावू नकोस.

आणि घाबरूही नकोस. काल नदीवरून कुणीतरी "झोया" अशी हाक मारली. मी "आले" म्हणत बर्फावर चार पावलं गेलेसुद्धा. तिथे कुणीच नव्हतं.

लवकर पत्र लिही. पाकिटावर माझं नाव मोठ्या अक्षरांत घाल.

तुझीच लेक,
ताइस्या